हळर्ण ते आलोर्ना

पेडणे तालुक्यात हळर्ण नावाचा गाव आहे. शापोरा नदीच्या काठी, तळर्णच्या शेजारी. गावात जांभ्या दगडाचा एक किल्ला आहे, फार मोठा नाही. वाडीकर भोसल्यांनी, म्हणजे सावंतवाडीच्या राजघराण्याने, तो सतराव्या शतकात बांधला. कितीतरी वर्षे तो झाडाझुडपांत गेलेला होता. अलीकडे सरकारने त्याची डागडुजी केली. आता सुट्टीच्या दिवशी लोक येतात, तटावर उभे राहून नदीचे फोटो काढतात आणि निघून जातात.

आता जरा पोर्तुगालकडे पाहू. तेजो नदीच्या काठी आल्मैरीं नावाचे गाव आहे. तिथे द्राक्षांचा मोठा मळा आहे, त्याचे नाव ‘किंता द आलोर्ना’. तिथल्या वाइनच्या बाटल्यांवर ‘आलोर्ना’ हा शब्द छापलेला असतो. पोर्तुगीज साहित्याचा कुठलाही इतिहास उघडला, की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘मार्केझा द आलोर्ना’ ही कवयित्री भेटते. पोर्तुगालच्या शाळकरी मुलांनाही हे नाव ठाऊक असते. हा आलोर्ना म्हणजेच आपला हळर्ण. पेडण्याच्या एका गावाचे नाव साता समुद्रापार एका सरदार घराण्याला लागले, घराण्यावरून मळ्याला आणि मळ्यावरून बाटलीला. हळर्णच्या वेशीवर मात्र याची कुठे नोंद दिसत नाही.

ही गोष्ट मी ऐकीव म्हणून सांगत नाही. हातात असलेल्या कागदांवरून ती पायरी-पायरीने जुळवता येते. तशीच ती इथे जुळवून दाखवायची आहे. कारण पेडण्यात वारसास्थळांवर फलक लावण्याची मागणी अधूनमधून होते आणि ती रास्तच आहे. पण फलक दगडाचा असतो. एकदा चुकीचे साल कोरले, की पुढच्या तीन पिढ्या तेच खरे मानतात. फलकाच्या आधी कागद वाचला पाहिजे, आणि कागद वाचताना तो कोणाच्या हातचा आहे हेही पाहिले पाहिजे.

हळर्णच्या बाबतीत मुख्य कागद असे. १७४७ साली लिस्बनला मानुएल आंतोनियु द मैरेलिश याची एक पुस्तिका छापली गेली. तिच्या लांबलचक शीर्षकातच जिंकलेल्या सात ठाण्यांची यादी आहे. सुरुवात हळर्णपासून, मग डिचोली, आणि शेवटी तेरेखोल आणि रेडी. त्याच सुमारास जुझे फ्रैरे द मोंतेर्रोयु माश्कारेन्याश याने ‘एपानाफोरा इंडिका’ नावाचा वृत्तान्त भागाभागाने प्रसिद्ध केला. हा गृहस्थ लिस्बनच्या सरकारी गॅझेटचा संपादक. गोव्यातल्या मोहिमा त्याने लिस्बनमध्ये बसून लिहिल्या. तिसरा कागद खुद्द जिंकणाऱ्याचा. व्हाइसरॉयने १७५० मध्ये पायउतार होताना आपल्या जागी येणाऱ्यासाठी एक सविस्तर सूचनापत्र लिहून ठेवले. शेजारचे राजे कोण, कोणाशी कसे वागावे, कोणावर भरवसा ठेवू नये, असा सगळा मजकूर त्यात आहे. फिलिप नेरी शाव्हिएर या गोमंतकीय अभ्यासकाने ते १८३६ साली पणजीत छापले.

शिवाय पणजीचे पुराभिलेखागार आहेच. १५९५ साली सुरू झालेले, दियोगु द कोतु हा इतिहासकार ज्याचा पहिला रक्षक होता, ते. तिथे ‘शेजारच्या राजांची पुस्तके’ या नावाने पत्रव्यवहाराच्या बांधीव वह्या आहेत. वाडीकर भोसल्यांना पाठवलेली पत्रे, त्यांचे तह, त्यांच्याबद्दलची कुरकुर, सगळे त्यात येते. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी उभे आयुष्य या कागदांत घातले. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली काढला. पेडणे-डिचोलीबद्दल काही ठाम बोलायचे तर या ग्रंथाला वळसा घालून जाता येत नाही.

पहिले तिन्ही कागद जिंकणाऱ्या बाजूचे आहेत, हे विसरून चालत नाही. एक विजयाची बातमी विकायला छापलेला, दुसरा दरबारी वृत्तपत्रकाराचा, तिसरा स्वतःची कामगिरी सांगणाऱ्या अधिकाऱ्याचा. अशा कागदांतून काय घ्यावे आणि काय सोडावे? माझा नियम साधा आहे. तारीख, ठिकाणांचा क्रम आणि मिळालेला किताब हे घ्यावे. अशा गोष्टी लगेच पडताळता येत होत्या, तिथे खोटे लिहून लिहिणाऱ्याचा फायदा नव्हता. शत्रूची संख्या, त्याचे मेलेले, आपल्या माणसांचे शौर्य हे मात्र हातचे राखून वाचावे. म्हणून या लेखात पडलेल्यांचे आकडे मी देत नाही.

आधी नावाचे पाहू, कारण सगळा माग नावावरच आहे. पोर्तुगीजांना शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ उच्चारता येत नाही. हरमलचे त्यांच्या लेखणीत आरांबोल झाले, तसेच हळर्णचे आलोर्ना. ‘ड’ त्यांच्याकडे नाही, त्यासाठी ‘र’ वापरला. म्हणून पेडणेंचे पेर्नें. शेवटचा अनुस्वार त्यांनी ‘म’ अक्षराने दाखवला. त्याचा उच्चार ‘म्’ असा करायचा नसतो, फक्त नाकात स्वर न्यायचा असतो. आज इंग्रजी पाटी वाचून परगावचा माणूस ‘पेर्नेम’ म्हणतो तेव्हा तो तीनशे वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाचे खूणचिन्ह अक्षर समजून मोठ्याने वाचत असतो. मांद्रें, मालपें यांच्या इंग्रजी पाट्यांवरचा शेवटचा ‘म’ असाच आलेला. हे कळले, की जुन्या पोर्तुगीज कागदांतली निम्मी गावे आपोआप ओळखू येऊ लागतात. मैरेलिशच्या शीर्षकातले ‘तिराकोल’ आणि ‘रारी’ वाचताना तेरेखोल आणि रेडी दिसतात ती अशी.

आता १७४६.

त्या आधीची सात-आठ वर्षे पोर्तुगीजांना फार जड गेली होती. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. त्याच वर्षी मराठी फौज साष्टीत उतरली आणि वाडीकर भोसले बारदेशात शिरले. आग्वाद, रेइश मागुश असे मोजके किल्ले सोडले तर बारदेश भोसल्यांच्या हाती होता. १७४१ मध्ये पोर्तुगालहून ताजी फौज आली आणि बारदेश पुन्हा पोर्तुगीजांकडे गेला. पण पणजीच्या सरकारला एक गोष्ट लागून राहिली. वाडीकरांचा मुलूख बारदेशाला चिकटून आहे, मध्ये फक्त शापोरा नदी. नदीच्या पलीकडे हळर्ण, अलीकडे बारदेश. हळर्णचा किल्ला भोसल्यांच्या हाती असेपर्यंत नदी ओलांडून कोण कधी येईल याचा भरवसा नव्हता.

१७४४ च्या पावसाळ्याअखेर नवा व्हाइसरॉय आला. दों पेद्रु मिगेल द आल्मैदा, आसुमारचा कोंद, नुकताच कास्तेलु नोव्हुचा मार्केश झालेला. हा माणूस जगाच्या दुसऱ्या टोकालाही इतिहासात आहे. १७१७ मध्ये तो ब्राझीलमध्ये साउं पावलु आणि खाणींच्या मुलुखाचा गव्हर्नर म्हणून गेला. त्याचा मुक्काम वाटेत ग्वारातिंगेता गावी पडायचा होता. त्याच्या मेजवानीसाठी मासे पकडायला सांगितलेल्या कोळ्यांच्या जाळ्यात पाराइबा नदीत मातीची एक मूर्ती आली. तीच आज ब्राझीलची राष्ट्रदेवता मानली जाणारी ‘आपारेसिदा’. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७२० मध्ये, सोन्याच्या खाणींवरच्या करांविरुद्ध व्हिला रिका इथे उठाव झाला. तो याच गृहस्थाने अत्यंत कठोरपणे मोडून काढला. हळर्णच्या तटासमोर जो आला तो असा जुना, मुरलेला आणि निर्दय अधिकारी होता. त्याच्याबद्दल ब्राझीलच्या शाळेत धडा असतो आणि पेडण्याच्या शाळेत नसतो, याचे मला वाईट वाटते.

समोर वाडीला रामचंद्र सावंत गादीवर होते आणि कारभारात त्यांचे चुलते जयराम सावंत यांचा हात होता. ५ मे १७४६ या दिवशी हळर्णचा किल्ला पडला.

ही तारीख पोर्तुगीज पंचांगाची, म्हणजे आपण आज वापरतो त्याच पद्धतीची. पोर्तुगालने ती १५८२ पासूनच स्वीकारली होती. इंग्रजांनी तोवर ती घेतली नव्हती, त्यामुळे मुंबईकर इंग्रजांच्या कागदांत तोच दिवस अकरा दिवस मागे दिसेल. आपल्या पद्धतीने पाहिले तर शके १६६८, आणि चंद्राचे गणित मांडले तर वैशाख पौर्णिमेच्या आसपासचा दिवस येतो. कोणाच्या घरी मोडी कागदात शके १६६८ च्या वैशाखात हळर्णचा उल्लेख सापडला, तर तो याच प्रसंगाचा असण्याचा संभव आहे. म्हणून हे गणित इथे करून ठेवले.

तारखेतून आणखी एक गोष्ट निघते. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. ५ मे आणि मृग यांच्या मध्ये जेमतेम महिना. एवढ्या उशिरा मोहीम काढणाऱ्याला लांबचा पल्ला गाठायचा नव्हता. पाण्याच्या काठाकाठाने जवळची ठाणी घ्यायची, त्यांत शिबंदी बसवायची आणि चार महिने पावसाच्या आडोशाला ती पक्की करायची, असा बेत दिसतो. झालेही तसेच. हळर्णपाठोपाठ डिचोली आणि साखळी लगोलग गेली. तेरेखोल घेतला तो पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरात, आणि त्यानंतर रेडी. मैरेलिशच्या शीर्षकातला ठाण्यांचा क्रमही हाच आहे. हळर्ण पहिले, रेडी शेवटचे.

बातमी जहाजाने लिस्बनला पोचली. राजाने १७४८ मध्ये व्हाइसरॉयचा किताब बदलला आणि कास्तेलु नोव्हुऐवजी तो ‘आलोर्नाचा मार्केश’ झाला. सात ठाण्यांपैकी नेमके हळर्णच का? पहिले आणि लढून घेतलेले म्हणून, असे मला वाटते. पोर्तुगालमधल्या ठिकाणाचे नाव सोडून त्याने शापोऱ्याच्या काठावरचे नाव घेतले, यावरून त्या काळी लिस्बनमध्ये या विजयाचे मोल किती होते ते समजते. वसई गेल्याची जखम ताजी होती. तिच्यावर बांधायला एवढी एकच पट्टी हाताशी होती.

त्या घराण्याची पुढची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण त्यातही गोव्याचा धागा आहे. आलोर्नाच्या जागी १७५० मध्ये व्हाइसरॉय म्हणून आला तो ताव्होराचा मार्केश. वर सांगितलेले सूचनापत्र त्याच्याचसाठी लिहिलेले. दोन्ही घराणी सोयरी होती. आलोर्नाचा मुलगा हा ताव्होराचा जावई. १७५८ मध्ये पोर्तुगालच्या राजावर गोळीबार झाला, आरोप ताव्होरा कुटुंबावर आला आणि १३ जानेवारी १७५९ रोजी ताव्होरा पतिपत्नींना लिस्बनमध्ये देहान्त शिक्षा झाली. जावई म्हणून दुसरा आलोर्ना तुरुंगात गेला आणि त्याची आठ वर्षांची मुलगी लेओनोर आईसोबत शेलाशच्या मठात कोंडली गेली. ती बाहेर आली १७७७ मध्ये. मठातल्या त्या अठरा वर्षांत ती लिहायला शिकली आणि कवयित्री झाली. भावाच्या मृत्यूनंतर किताब तिच्याकडे आला. पोर्तुगीज वाचक जिला मार्केझा द आलोर्ना म्हणून ओळखतात ती हीच. १८३९ मध्ये ती वारली. पेडण्याच्या एका गावाचे नाव मिरवणाऱ्या या बाईने तो गाव कधी डोळ्यांनी पाहिला नाही.

इकडे हळर्णचा किल्ला काही कायमचा पोर्तुगीजांकडे राहिला नाही. मधल्या काळात तो भोसल्यांकडे परत गेला आणि १७८० नंतरच्या धामधुमीत पुन्हा पोर्तुगीजांनी घेतला. इथे पेडणे तालुक्याच्या इतिहासातला एक गोंधळ उभा राहतो, आणि तो नीट उलगडून ठेवायला हवा.

पेडणे पोर्तुगीजांकडे कधी आले? कुठे १७८३ वाचायला मिळते, कुठे १७८८. वाचणारा म्हणतो, यातले एक चूक असणार. दोन्ही बरोबर आहेत. १७८१ ते १७८३ या काळात पोर्तुगीजांनी डिचोली, सत्तरी आणि शेवटी पेडणे फौजेच्या बळावर व्यापले. १७८३ हे ताब्याचे साल. हक्क मात्र कागदावर आला तो २९ जानेवारी १७८८ च्या तहाने. मधली पाच वर्षे मुलूख पोर्तुगीज शिबंदीखाली होता आणि वाडीकरांनी त्यावरचा दावा सोडलेला नव्हता.

तो दावा तिसऱ्या खेम सावंतांनी १७८८ मध्ये का सोडला, याचे कारण पेडण्यात शोधून सापडत नाही, कोल्हापुरात सापडते. खेम सावंतांचे लग्न शिंद्यांच्या घरात झाले होते. त्या सोयरिकीच्या जोरावर त्यांना दिल्लीहून ‘राजेबहाद्दर’ हा किताब आणि मोरचेलांचा मान मिळाला. कोल्हापूरच्या छत्रपतींना ते रुचले नाही आणि त्यांनी वाडीवर चाल केली. एकीकडे कोल्हापूर, दुसरीकडे समुद्र. मदत मिळण्यासारखा शेजारी एकच, पणजीचा. त्या मदतीची किंमत म्हणून पेडणे गेले. पेडण्याच्या लोकांना यात कोणी विचारले नाही. मोरचेलाच्या दोन जुड्यांवरून सुरू झालेल्या भांडणात एक अख्खा महाल एका राज्यातून दुसऱ्यात गेला, आणि त्यामुळे पुढची एकशे त्र्याहत्तर वर्षे पेडण्याचा माणूस बांद्याच्या आपल्या मामाकडे परदेशात गेल्यासारखा गेला.

एवढ्या उशिरा आल्यामुळे पेडणे वाचलेही. बारदेश आणि साष्टीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, तसे इथे झाले नाही. नव्या काबिजादीत, म्हणजे अशा उशिरा घेतलेल्या मुलखात, लोकांचा धर्म आणि चालीरीती चालू ठेवण्याचे पोर्तुगीजांनी मान्य केले होते. पेडण्याच्या भगवतीच्या देवळापुढे काळ्या पाषाणाचे दोन भले मोठे हत्ती आजही उभे आहेत. मालप्याच्या जुन्या मुळवीराच्या देवळात कावी कलेची चित्रे आहेत, चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर लाल मातीचा लेप देऊन मग तो कोरून काढलेली. गोव्यात हे काम आता फार थोड्या ठिकाणी उरले आहे.

चालीरीती राखण्याच्या त्या वचनाला कायद्याचे रूप आले ते नव्या काबिजादींच्या ‘रूढी आणि चालीरीतींच्या संहिते’त. १८२४ मध्ये आधी आणि पुढे १८५३ मध्ये सुधारून. वारसा, दत्तक, विधवेचा हक्क, एकत्र कुटुंब, हे सगळे त्यात आहे. मला यातली महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. ही संहिता पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. एकोणिसाव्या शतकात लिस्बनच्या नावाने चाललेल्या सरकारने पेडणे-डिचोलीच्या रयतेला तिचा कायदा मराठीत वाचायला दिला. या तालुक्यातली जुनी घराणी, देवस्थाने आणि न्यायालये यांची लिखापढी कोणत्या भाषेत होत होती, याचा हा छापील पुरावा आहे.

पोर्तुगीज किताबांत पेडणे तालुक्याचे नाव आणखी एकदा येते. पेडण्याच्या देशप्रभू घराण्याला एकोणिसाव्या शतकात ‘पेडण्याचे व्हिस्कोंद’ हा किताब मिळाला. एकाच तालुक्याची दोन नावे पोर्तुगालच्या सरदारांच्या यादीत गेली. एक किल्ला घेणाऱ्या परक्या सेनापतीला चिकटले, दुसरे इथल्याच हिंदू देसाई घराण्याला मिळाले. देशप्रभूंचा वाडा पाहायला येणाऱ्याला ही जोडी सांगितली, तर शंभर वर्षांत राज्यकर्त्यांचे धोरण किती बदलले ते एका वाक्यात कळेल.

आता तेरेखोल. इथे मात्र चूक आहे आणि ती दुरुस्त करायला हवी.

तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर आहे. केरीहून होडीने पलीकडे जायचे. जमिनीवरून यायचे तर सिंधुदुर्गातल्या आरोंद्या-रेडीकडून. या किल्ल्याबद्दल बऱ्याच पर्यटन पुस्तिकांत एक वाक्य असते. पहिले गोमंतकीय गव्हर्नर डॉ. बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा यांनी १८२५ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला आणि तेरेखोलची शिबंदी कापली गेली, असे. पुस्तिका एकमेकींवरून उतरवल्या जातात, त्यामुळे साल सगळीकडे तेच.

१८२५ हे साल बसूच शकत नाही. पेरिश द सिल्व्हा, मूळचे नेवऱ्याचे, प्रिफेक्ट या पदावर आले. हे पदच पोर्तुगालमध्ये १८३२ च्या उदारमतवादी सुधारणांनी निर्माण केले. तिथले यादवी युद्ध संपल्यावर त्यांची नेमणूक झाली आणि १४ जानेवारी १८३५ रोजी त्यांनी पणजीत सूत्रे हाती घेतली. १ फेब्रुवारीला लष्करी बंडाने त्यांना उतरवले. सतरा-अठरा दिवसांचा कारभार. त्यांना मुंबईला जावे लागले, पुढे दमणमध्ये राहून त्यांनी लढा चालवला. त्यांच्या बाजूच्या सैनिकांची कत्तल झाली ती १८३५ मध्येच. पणजीजवळच्या गास्पार दियाशच्या किल्ल्यात आणि इकडे तेरेखोलला.

साल दुरुस्त झाले, की वाक्यही दुरुस्त होते. हा पोर्तुगीजांविरुद्धचा उठाव म्हणणेही पुरते खरे नाही. पेरिश द सिल्व्हा हे पोर्तुगालच्या राणीने नेमलेले, घटनेने चालणारे अधिकारी होते. बंड केले ते त्यांच्याविरुद्ध, गोव्यातल्या लष्करी आणि वंशाने गोऱ्या वर्गाने. एका काळ्या माणसाच्या हाताखाली काम करायची त्यांची तयारी नव्हती. तेरेखोलला मेले ते सैनिक कायद्याच्या बाजूने उभे राहून मेले. एका अंकाच्या चुकीने त्यांचे मरणही चुकीच्या खात्यात गेले आहे. दहा वर्षांचा हा फरक लहान समजू नये.

तेरेखोलला नंतरही रक्त सांडले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या तुकडीने किल्ल्यावर तिरंगा लावला आणि मग ते पकडले गेले. पुढच्या वर्षी त्याच दिवशी सीमेवर ठिकठिकाणी सत्याग्रही शिरले. तेरेखोलला हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर धारातीर्थी पडले. पेडण्याच्याच हद्दीत पत्रादेवीला पंजाबातल्या इसडू गावचे कर्नेलसिंग आणि उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ गोळीला बळी पडले. सागरच्या सहोदराबाई राय तिथेच हातातला झेंडा न सोडता जखमी झाल्या. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक या तालुक्यातले सर्वांत जिवंत स्मारक आहे. दरवर्षी तिथे माणसे जमतात. ज्यांनी त्या दिवसाच्या गोळ्या ऐकल्या, त्यांच्यातले फार थोडे आता उरले आहेत. त्यांच्या तोंडून जे ऐकायचे ते आत्ताच ऐकून लिहून घ्यायला हवे.

चांगली नोंद कशी असावी, याचा नमुना लांब शोधायला नको. डिचोली तालुक्यात नार्वे इथे सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या दारावर शिवाजी महाराजांच्या काळचा शिलालेख आहे. त्यात काय आहे ते पाहा. देवाचे नाव, शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, शिवरायांची आज्ञा, आणि देवालयाचा प्रारंभ. म्हणजे १६६८ चा नोव्हेंबर. इतकेच. ‘बांधले’ असे त्यात नाही, ‘पूर्ण केले’ असे नाही, महाराज स्वतः तिथे उभे होते असेही नाही. आज्ञा झाली आणि काम सुरू झाले, एवढेच तो दगड सांगतो आणि तेवढ्यासाठीच तो साडेतीनशे वर्षे विश्वासाला पात्र राहिला. त्याच्याबद्दलच्या नव्या लिखाणात मात्र ‘१६६८ मध्ये देऊळ बांधून पूर्ण केले’ असे सर्रास येते. दगडाने राखलेला संयम आपणही राखावा.

त्याच मापाने हळर्णच्या दारात फलक लावायचा झाला, तर मी असा लिहीन: ‘हळर्णचा किल्ला. वाडीकर भोसल्यांचा, सतरावे शतक. ५ मे १७४६, शके १६६८ वैशाख, पोर्तुगीजांनी घेतला. त्या विजयावरून १७४८ मध्ये व्हाइसरॉयला आलोर्नाचा मार्केश हा किताब. पुढे भोसल्यांकडे परत. १७८० नंतर पुन्हा पोर्तुगीजांकडे. २९ जानेवारी १७८८ च्या तहाने पेडणे महाल पोर्तुगीज राज्यात.’ मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज तिन्ही भाषांत. पोर्तुगीजही हवी, कारण आल्मैरींचा कोणी पाहुणा कधी आलाच, तर आपल्या बाटलीवरचे नाव कुठले ते त्याला इथे कळेल.

या फलकातली प्रत्येक ओळ आज पोर्तुगीज कागदावर उभी आहे, हे मला सलते. तटाच्या आत जे होते ते मराठी लिहिणारे होते. त्यांची बाजूही कागदावर उतरली असेल, तर ती इथल्या घरांत असेल. पेडणे, डिचोली, सत्तरी, पलीकडे बांदा आणि सावंतवाडी या भागातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर, देवघराच्या फडताळात, देवस्थानाच्या पेटीत तांबड्या कापडात बांधलेले मोडी कागदांचे रुमाल असतात. बोरूने लिहिलेले, आधी ओळभर रेघ ओढून मग तिच्याखाली न थांबता उतरवलेले. वाचता येत नाहीत म्हणून ते पडून राहतात, वाळवी लागते, आणि घर पाडून नवे बांधायच्या वेळी रद्दीत जातात.

तुमच्या घरी असे एखादे बाड असेल तर ते टाकू नका. पेटी पुसून कोरड्या जागी ठेवा, पानांना टाचणी किंवा चिकटपट्टी लावू नका, प्रत्येक पानाचा उजेडात फोटो काढा आणि पणजीच्या पुराभिलेखागारात नेऊन दाखवा. आणि त्यात कुठे ‘हळर्ण’ हा शब्द दिसला, तर त्याच्या पुढच्या-मागच्या चार ओळी आधी वाचून घ्या.